अंगठा

उद्यमनगरात चहा पिताना मीच म्हणालो,
"युनियनवाल्यांना काम नको, झेंडा पायजे.
वर रेशन फुकट."
बाबालाल मुजावर समोरच होता.
बशीतला चहा तेवढा संपवला त्यानं.

शनिवारी रेशनच्या रांगेत त्याच्या मागं मी
(तांदूळ मलाही लागतो, ते ऱ्हाऊ दे).
मशीन अंगठा घेईना.
उजवा, डावा, थुंकी लावून, लेंग्याला पुसून.
"रेषाच न्हाईत की ओ," दुकानदार म्हणाला.

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
वाळूनं, तापल्या बिडानं खाल्ल्या होत्या त्या.
हातमोज्यांसाठी संप केलेला त्यांनी,
अठ्ठेचाळीस दिवस.
तेव्हाही मी हसलोच होतो.

"नाव सांगतो की," बाबालाल म्हणाला.
मशीनला कान नव्हते.

माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला.