टोपीवरची पिल्लं

ईसा टाउनच्या बाजारात शुक्रवारी सकाळी
जुने पंखे आणि मुके टेलिफोन यांच्यामधे
हाजी मुराद बलोच बिस्किटांचा डबा उघडतो.
आत पेनं, पाटीतल्या मासळीसारखी एकमेकांवर.
मी घाई करत नाही.
घाई दिसली की भाव चढतो,
हे आईने सुरमईच्या बाबतीत शिकवलंय.

आधी शेपटीची गुंडी बघायची.
निखळून हातात आली आणि आत रबरी पिशवी असली
तर सलाम करून ठेवून द्यायचं.
फिरता फिरता केसभर वर उठली,
तर आत दट्ट्या आहे.
मग नळी उजेडाकडे:
हिरव्या धाऱ्यांच्या फटींतून ऊन यायला हवं,
भरल्या बाटलीतून रॉकेल दिसतं तसं.
मग भिंगाखाली निबचा दाणा.
आणि सगळ्यात शेवटी टोपी.
चोचीची क्लिप, वर घरट्यात पक्षीण.
पिल्लं चार असली तर जास्त जुनं.
पुढे कारखान्याने दोनच ठेवली.
बाकीची दोन कुठे गेली
ते कुठल्याच कॅटलॉगात नाही.

ह्याच्यावर चार.

"पाच दिनार."
"दट्ट्या अडकलाय, हाजी."
"अडकलेलंच इथे येतं," तो म्हणतो.
"सुटं असतं ते लोक घरी नेतात."
तीनला दिलं.

हिद्दच्या सुक्या गोदीत मी स्टोअरकीपर.
माझ्याकडे पिस्टन येतात ते माणसाएवढे उंच,
क्रेनशिवाय हलत नाहीत,
त्यांना मी नंबरावरून ओळखतो.
हा हरभऱ्याएवढा,
आणि तीन रात्री मला झोप नाही.

मुहर्रकच्या खोलीत वाडग्यात कोमट पाणी.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री तळाशी जांभळी रेघ.
तिसऱ्या रात्री वाडगा भरून निळंकाळं.
कुणीतरी भरलेली आणि लिहून न संपवलेली शाई.
असेल हिशेब, असेल सही,
असेल नुसतं 'पुढच्या जहाजाने निघतो'.
बेसिनपाशी वाडगा धरून मी उभा.
वरच्या बंकवरून मानबहादूर विचारतो, औषध आहे का?
हो, म्हटलं.

नळीवर नाव होतं, घासून गेलंय.
शेवटचा नून तेवढा उरलाय:
एक वाटी, आणि तिच्यात पडू की नको
असा विचार करणारा एक थेंब.

परकारने लेथवर नवं बूच कातून दिलं.
कुठल्या बाटलीचं ते विचारायचं नाही, म्हणाला,
खेडला कळलं तर मेलो.
व्हॅसलीन लावून बसवताना मात्र
दोघांनीही श्वास धरला होता.

गुंडी उलटी फिरवली, हवा बुडबुडली.
सुलटी फिरवली,
आणि धाऱ्याधाऱ्यांतून काळोख चढत गेला.

कागदावर श्री काढला. करकरलं.
माझं नाव लिहिलं. करकरलं.
भिंग लावल्यावर कळलं:
दाणा झिजलाय तो उलट्या अंगाने.
आयुष्यभर हे पेन
उजवीकडून डावीकडे चाललंय.
त्याला माझ्या गावाचा रस्ता ठाऊक नाही.

मग सहज, अक्षरं तशीच उघडी ठेवून
शिरोरेघ उजवीकडून ओढली.
लोणी.
एका दमात, कुठेही न अडखळता,
आमच्या नावावर त्याने छप्पर घातलं.

आता मी तसंच लिहितो.
अक्षरं माझ्या बाजूने, रेघ त्याच्या.
रविवारी गोदीत पहिली मागणीचिठ्ठी ह्याच पेनाने:
रबरी रिंगा, नग चार.
हेड स्टोअरने लाल बॉलपेनने खाली लिहून पाठवलं,
दोनच मिळतील.