सही

अठ्ठावीस पौंडांना घेतलं मी हे विमान.
खोकं नाही, पार्सल नाही;
रात्री साडेनऊला तारेतून उतरलं
आणि मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी
पंख मिटून उभं राहिलं.

सी फ्यूरी. नौदलाचं.
पाच पात्यांचा प्रोपेलर, अठरा सिलिंडर,
आणि नाक एवढं लांब
की जहाजावर उतरताना जहाजच दिसत नाही.
वळत वळत यायचं, कडेने बघत,
जशी आर्ब्रोथच्या बंदरात धुक्यातून बोट आणतात,
धक्का दिसण्याआधी त्याच्या शेवाळाचा वास घेत.

पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस वेळा मेले मी.
बहुतेकदा डेकच्या मागच्या कडेवर,
एकदा क्रेनवर,
एकदा उगीचच, चहाचा कप उचलायला गेले तेव्हा.
दर वेळी पडदा काळा होतो आणि विचारतो:
पुन्हा?
दिवसभर धुरीच्या पिंपात हॅडॉक टांगणाऱ्या बाईला
इतक्या सभ्यपणे कोण काय विचारतं?

वडील स्वयंपाकघरात रेडिओपाशी.
वय सत्त्याऐंशी, नजर गेलेली, कान तिखट.
कोरियाच्या किनाऱ्यासमोर दोन हिवाळे
हीच इंजिनं त्यांनी उघडली, मिटली.
हे मला त्यांच्या पत्र्याच्या पेटीने सांगितलं,
त्यांनी नाही.

एका रात्री भिंत धरत दारापर्यंत आले.
"कुठल्या गाढवाने जुळवलंय हे?"
मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे, कुठल्याशा संग्रहालयातलं.
"दर चौथ्या फेऱ्याला श्वास गिळतंय. ऐक.
ऐक ना, एफी."
मला नुसती गर्जना ऐकू येत होती.
"बंद कर आधी. पेट्रोल काय फुकट येतं?"

आणि खुर्ची ओढून बसले.

एक पान आहे या विमानात, मी कधी न उघडलेलं:
देखभाल.
तेल, टायर, हायड्रॉलिक, शेपटीखालचा हुक,
प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट.
मी वाचायचे, ते म्हणायचे, "हात लावून बघ."
हात कुठे लावू? हातात माउस आहे.
"मग तो लाव."

अशी आम्ही विमानाला एक पूर्ण फेरी घातली,
सव्वा तास.
पंखाखाली वाकलो. चाकाच्या खाचेत डोकावलो.
त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत होती,
थांबत होती, मागे येत होती,
मेणकापडात काहीतरी चाचपत.

"डावा पंख. मिटणीचा खिळा बसलाय?"
बसलेला दिसतोय.
"दिसतोय म्हणजे?"
मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.
खिळ्याचे चौकोन चौकोन झाले.
दिसतोय, म्हटलं.

"ट्रेहर्नचाही दिसत होता."

एवढंच.
छपरावर एक सीगल पाय घासत चालला, मग तोही थांबला.
ट्रेहर्न, हे नाव या घरात पहिल्यांदा आलं होतं.
कोण, कधी, किती वर्षांचा,
विचारायला तोंड उघडलं
आणि विचारलं, चहा ठेवू?
"ठेव."

साडेबाराला जहाज वाऱ्याला सामोरं झालं होतं.
सगळ्या चौकटी भरलेल्या, एक सोडून.
सवयीने माझा हात थ्रॉटलवर गेला
आणि त्यांचा माझ्या हातावर आला,
कोरडा, हलका, पण हलू न देणारा.
"आज नाही.
मी सही केलेली नाही."

पडद्यावरचा समुद्र आपला हलत राहिला.
मी पंख मिटले. चाकांना साखळ्या घातल्या;
तशी सोय आहे त्यात, कुणी वापरत नसावं.
ते उठले, भिंतीला विचारत विचारत निघाले,
आणि बोळातून, पाठमोरेच:
"उजवीकडचीही?"
उजवीकडचीही, म्हटलं,
आणि खरंच एकदा
वाकून पाहिलं.