टाके ओले आहेत

बोरस्ते सिस्टर बजावून गेल्या होत्या:
खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा.
शिंक आली तरी उशी.
हसण्याबद्दल काही बोलल्या नाहीत.
त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये,
बायकांच्या सर्जिकल वॉर्डात, कोण हसणार होतं?

भिंतीवर पालीच्या शेजारी टीव्ही.
रिमोट हरवलेला, चॅनल एकच,
म्हणून रोज साडेआठला आम्ही अकराजणी
एकाच घराण्याची वाताहत बघायचो.

त्या सोमवारी मोठ्या सासूबाई कोमात गेल्या.
नथ घालून.
पैठणीची निरी मोडली नव्हती,
लिपस्टिक ताजी, तोंडावर मास्क.

"तो वाफेचा मास्क आहे," सिस्टर ट्रे घेऊन दारातच थांबल्या,
"आणि नळी बघा, कशालाच जोडलेली नाही.
बाई जगतेय कशावर?"

"नथीवर," सटाण्याच्या निकमबाई म्हणाल्या.

कुणीतरी उशी चाचपली.

मग डॉक्टर आले. एक्स-रे खिडकीकडे धरून
भुवया जुळवून बघत राहिले.
कवटी खाली, मान वर.
"आता सगळं देवाच्या हातात आहे."
"मग तो फोटोपण त्यालाच द्या," फरजाना म्हणाली,
"सरळ तरी धरील."

दारात सून. तिनं ऐकलं.
मान गर्रकन वळली. परत वळली. परत.
काय? काय?? काय???
खिडकीबाहेर लख्ख ऊन, आणि तीनदा वीज कडाडली,
तिसऱ्या कडकडाटाला तिचं गंगावन सुटून
कोमातल्या बाईच्या छातीवर पडलं
आणि कोमातल्या बाईनं
डोळे न उघडता
ते हातानं बाजूला सारलं.

घाईत कुणी कापलंही नव्हतं ते.

माय वं, माय वं, करत निकमबाई आडव्या झाल्या.
अकरा खाटा, दहा उश्या,
एकीनं तर शेजारणीचा डबाच पोटाशी धरला.
टाके असताना हसणं म्हणजे
आतून कुणी दोरा ओढतंय
आणि आपणच म्हणतोय, ओढ अजून.

दोन नंबरची यमुना, पेठकडची, तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली,
तिचं पोर पोटातच गेलं होतं.
तिचे खांदे हलत होते.
हसतेय की रडतेय, सिस्टरनं विचारलं नाही.
स्वतःच्या खुर्चीवरची उशी नेऊन दिली फक्त.

मला माझी बातमी त्याच दिवशी सकाळी कळली होती.
वीज नाही, ढोल नाही.
डॉक्टर मोबाइलकडे बघत म्हणाले,
गाठ तपासायला पुण्याला पाठवलीय, आठ दिवस लागतील.
मी म्हणाले, बरं.
आणि विचारलं, चहा चालेल का मला?
कॅमेरा असता तर लोक म्हणाले असते,
हिला अभिनय येत नाही,
काढा हिला.

आठवा दिवस मंगळवार होता.
फरजानाचा भाऊ निफाडहून द्राक्षं घेऊन आलेला,
वॉर्डभर घड फिरत होते.
सिस्टर आल्या, हातात खाकी पाकीट,
चेहरा पाटीसारखा कोरा.
ओझरच्या बाजूनं एक विमान गेलं, तावदानं थरथरली.
तेवढंच पार्श्वसंगीत.

कुणाच्या तोंडातलं द्राक्ष फुटेना.

तेव्हा निकमबाईंनी सावकाश मान वळवली:
काय?
फरजानानं वळवली:
काय??
मग थोडा वेळ काहीच नाही.
आणि दोन नंबरच्या खाटेवरून, भिंतीकडून इकडे वळत,
जो आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता तो:
काय???

मी उशी पोटाशी घट्ट धरली.
पाकिटातून कागद काढला,
वाचायच्या आधी
खिडकीकडे, उजेडात,
उलटा धरला.