किती दिलं

रॉलिन्सच्या पुढे वारा समोरून,
थकलेलं भाडं मागायला आल्यासारखा.
मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये घोडी,
गॅलनला साडेनऊ.
डॅशबोर्डवरचा आकडा ऑर्व्हिल मानत नाही,
तो नेहमी एकानं फुगवून सांगतो.
टाकी काठोकाठ भरायची,
मैलांना गॅलननी भागायचं
पंपाच्या पावतीमागे, पेन्सिलीनं.
अकरा वर्षं हेच.

एव्हन्स्टनला घोडी उतरली.
ट्रेलरही त्यांनीच ठेवून घेतला.
तिनं मान वळवली का,
त्यानं पाहिलं नाही.
तो बंपरखालचा उघडा पडलेला गोळा पुसत होता,
ग्रीस निघेना.

परतताना वारा पाठीशी.
साठवर लावून दिलेली गाडी,
आठ सिलिंडरना ओढायला काही नाही.
लॅरामीला डिझेल भरलं, भागाकार केला.
पुन्हा केला.
बावीस.
इतकं तिनं आजवर कधी दिलं नव्हतं.

फोनवर मार्लीस म्हणाली, "किती दिलं?"
"बावीस."
"बावीसशे?"
"नाही. गॅलनला."

पंपाचा पत्रा खडखडत राहिला.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनं विचारलं,
"आणि जाताना?"