वरून खाली

यंग्सटाउन, ओहायो. जून.
आठवड्याला वीस तास, तासाला नऊ डॉलर,
आणि एक पिवळा टीशर्ट
ज्याचा रंग पहिल्याच धुण्यात आईच्या चादरींना लागला.
काम असं: रस्त्यावरचं एकेक घर बघायचं
आणि त्याला मार्क द्यायचे.
ए, बी, सी, डी.
एफ म्हणजे पाडायच्या यादीत.

आम्ही सहा जण, पंधरा-सोळा वर्षांचे.
शाळेनं ज्यांना जन्मभर मार्क दिले
त्यांच्या हातात आता पॅड, पेन्सिल आणि अख्खी गल्ली.
पहिल्या दिवशी माजलोच होतो.
टायरीसनं एका घराला
नुसत्या कुंडीच्या रंगावरून एफ देऊन टाकला.

मिस्टर पेटवे कारखाना होता तेव्हा क्रेनवर होते,
अजूनही उंचावरून बोलल्यासारखे बोलतात.
त्यांनी तो एफ खोडला. म्हणाले,
"पायऱ्यांपासून सुरुवात करू नका.
घर वरून खाली वाचा.
पाणी तसंच येतं."

मग शिकलो.
आधी छपराचा कणा, वाकलाय का.
मग पन्हळ, मग पन्हळीखालच्या फळीवरचा काळा ओघळ.
खिडकीत काच आहे की प्लायवूड,
आणि प्लायवूड असेल तर त्यावर कुणी पडदा रंगवलाय का,
म्हणजे कुणाला तरी अजून काही वाटतंय.
कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही.
कुत्रा भुंकला की फुटपाथवरूनच लिहायचं:
कुत्रा आहे, म्हणजे माणूस आहे.

एकशे चौदा नंबरला घर नव्हतंच.
कमरेइतकं गवत, आणि गवतात तीन पायऱ्या
कुठेच न जाणाऱ्या.
फॉर्ममध्ये यासाठी चौकट नव्हती.
मी लिहिलं, "पायऱ्या मजबूत",
आणि त्यांच्यावर बसून आम्ही डबे खाल्ले.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी लव्हेलचा रस्ता आला.
सकाळपासून तो बुटाची लेस बांधत होता.
दोनशे सात.
मी म्हटलं, हे मी करते, तू पुढचं घे.
नको म्हणाला.
रस्ता ओलांडून पलीकडे गेला
आणि स्वतःच्या घरासमोर
पत्ता शोधणाऱ्या माणसासारखा उभा राहिला.

रोज ज्या दारातून आत-बाहेर करतो
ते दार समोरून कधी बघतो आपण?
छप्पर. कणा ठीक.
पन्हळ एका बाजूनं सुटलेली,
एका कानावरून लोंबणाऱ्या चष्म्यासारखी.
ओघळ. खिडकीच्या चौकटीचे पोपडे.
खिडकीत त्याची आई,
रात्रपाळीहून आलेली, हॉस्पिटलचा निळा डगला अजून अंगात.
तिनं हात हलवला.
त्यानं हलवला नाही. कामावर होता.

पेन्सिल बराच वेळ सीवर टेकून राहिली.
मग डीला गोल.
शेऱ्यांच्या रकान्यात एकच शब्द:
राहतात.

मी काही बोलले नाही.
शेजारच्या घराला त्यानं बी दिला,
जरा सढळच होता.
तो मी तसाच राहू दिला.

पहिल्या चेकचे त्यानं बूट घेतले,
पांढरे, मूर्खासारखे महाग.
उरल्या पैशांत पन्हळीचे चार ब्रॅकेट
आणि स्क्रूची एक पुडी.
शनिवारी मी शिडी धरली.
नवे बूट तो पायरीवर काढून ठेवून
अनवाणी चढला.
त्याची आई खालून म्हणत राहिली, पडशील,
आणि मध्येच, डावीकडे जरा वर घे.

"इथून तुझं घर दिसतं," तो वरून ओरडला.

कसं आहे, मी विचारलं.

तो स्क्रू फिरवत राहिला.
स्क्रू केव्हाच बसला होता.