कडेनं ओतायचं

भात कालचा. हे पहिलं.
ताज्याचा चिखल होतो,
हे मोरीसाननं मला शब्दांनी नाही, बोटांनी सांगितलं होतं:
दोन शितं चिमटीत धरून,
एक खाली सोडून.
टॉवेलची लूपही तो तशीच धरायचा
अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात.
एक धागा ओढलेला दिसला
की अख्खा गठ्ठा बाजूला. सेकंड.

अकरा दिवस होता, मे महिन्यात.
कँटीनच्या आमटीनं तिसऱ्याच दिवशी
त्याचे कान गाजरासारखे झाले.
चौथ्या दिवशी तो उठला, आत गेला,
सिद्रामप्पाच्या हातातलं उलथनं
दोन्ही हातांनी, मान लववून, मागून घेतलं.
आम्ही खिडकीला गर्दी केली.
मागून कुणीतरी म्हणालं,
"फोडणीचाच भात करालाय की बे!"

नव्हता.
मोहरी नाही. हळद नाही.
सिद्रामप्पानं कढीपत्ता पुढं केला,
तो त्यानं वास घेऊन, नमस्कार करून परत दिला.

आज सतरा वर्षांनी
विडी घरकुलातल्या आमच्या ओट्यावर
कालचा भात, दोन अंडी, कांद्याची पात,
आणि कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीच्या इरेशकडून
वाटीत आणलेला सोयासॉस.
"काका, पार्टी काय?"
नाही रे. राजमणी कारखान्यात विड्या द्यायला गेलीय,
आणि माझ्याकडं वेळच वेळ आहे.

लोखंडी कढई धुरावर येऊ दिली.
अंडं पडलं, फुगलं,
थिजायच्या आत त्यावर भात.
उलथन्याच्या पाठीनं दाबायचं, चिरडायचं नाही,
एकेक शीत सुटं व्हायला हवं,
अंड्याचं पिवळं अंगावर घेऊन.
इथवर बरोबर होतं.
मग मी सोयासॉस मधोमध ओतला.

काळा डाग पडला. पसरला.
शाई सांडलेल्या चादरीसारखा
तो घाण्या भात ताटलीत काढला,
वर झाकण ठेवलं.
कुणी बघत नसताना लाज वाटते
ती वेगळीच असते.

कढई पुसली. राहिलेला भात, दुसरं अंडं.
आणि तेव्हा आठवला मोरीसानचा हात:
बाटली तिरपी,
आणि धार कढईच्या तापल्या कडेनं, गोल,
भाताला न लागता.
चर्र.
त्या आवाजानंच वास उठतो,
भाजल्या खमंगाचा, किंचित जळका, खारट,
मग तो वास भातात ढवळायचा,
सॉस नाही.
हे त्यानं सांगितलं नव्हतं.
मी इतकी वर्षं त्याचे डोळे बघत होतो,
हात आज बघितला.

राजमणी आली ती पाय न धुताच बसली.
हजारात सत्तर मोडल्या, म्हणाली,
पान कोवळं म्हणे, तोंड सैल म्हणे,
माझ्या समोर एकेक कुस्करून टाकली चेकरनं.
मग नाक वर केलं. "काय करालाव ओ?"
जपानी भात, म्हणालो.
"जपानी?" तिनं झाकण उचललं. "आणि हा?"
तो सेकंड आहे. राहू दे. तू हा घे, चांगला.

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.
"तिथं एक चेकर," ती म्हणाली,
"घरात एक."
आणि डागाळलेली ताटली पुढं ओढून
जेवायला लागली,
तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी,
काळं, पांढरं, सगळं एकत्र करून.
"खारट आहे," म्हणाली. दुसरा घास घेतला.

पास झालेला भात माझ्यापुढं.
तिनं शेंगाचटणीचा डबा उघडला,
मी हात आडवा घालायच्या आत
चिमूटभर सोडली माझ्या ताटात,
भातावर नाही.
कडेनं.