वाटाण्यांचं सैन्य

समृद्धीला शाळेतून प्रकल्प मिळाला:
एक लहान देश कल्पून त्याचं सैन्य उभं करा.
कार्डपेपरवर, सोमवारपर्यंत.
कोपरखैरणेच्या आमच्या दीड खोलीत
देशाला जागा नव्हती,
म्हणून मामंजींनी घडीच्या टेबलावरचं मेणकापड पुसलं
आणि म्हणाले, ह्योच देश.
हिकडं पारसिकचा डोंगर, तिकडं खाडी.
ऐरोलीपासनं बेलापूरपतूर लांबोडका, काकडीवानी.
रुंदी म्हणशील तर धाप लागायच्या आत संपतोय.

पुलावासाठी सोललेले माझे वाटाणे
त्यांनी न विचारताच ओढले.

समृद्धीने आधी रणगाडे विचारले. किती?
हिंदुराव घोरपडे, निवृत्त नायब सुभेदार, पुरवठा खातं,
आता कांदा-बटाटा मार्केटात गोण्या मोजतात,
तिच्याकडे बघत राहिले,
जेवणाआधीच कुणी बडीशेप मागावी तसे.
आदी सैपाकी मोज.
नऊ वाटाणे.
मग बुटाचं माप घेणारा एक. हसू नगंस.
आठ नंबरच्या पायाला सातचा बूट दिलास
तर शत्रूला गोळी खर्चायची गरजच न्हाई.
मग ड्रायव्हर, मग पाणी तपासणारा,
मग रातच्याला तारा जोडणारी दोन पोरं.

बंदूकवाले बरेच उशिरा आले,
आणि त्यातले अर्धे त्यांनी लगेच घरी पाठवले.
ह्ये दुकान चालवत्यात, साळंत शिकवत्यात.
वर्साला वीस दिस सराव, भोंगा झाला की हजर.
ल्हान देशानं लई माणसं नुसती बसवून पोसू नयेत.
रिकामं सैन्य खुर्चीकडं बघाया लागतंय.

आणि नौदल?
दिवाळ्याचा जोमा भगत, त्याचे दोन पोरगे, एक होडी.
भरती कवा, ओहोटी कवा,
कुठल्या चिखलात माणूस कमरंपतूर रुततो,
ह्ये नकाशाला ठावं नसतं.
तिवरांसाठी कोथिंबीर लावली. तीही माझीच.

वाशीच्या पुलावर एकच वाटाणा.
एकच, आजोबा?
पूल कवा पाडायचा आन् कुणाच्या हुकमानं,
ह्ये पक्कं ठावं असलेला येक गडी बास.
दोघं ठेवलं की वाद घालत बसत्यात.

शेवटी एक उरला, सुरकुतलेला.
मी टाकायला उचलणार, तेवढ्यात त्यांनी त्यावर बोट ठेवलं.
ह्यो कारकून.
आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी:
एकदा पेटी पोचवाया गेलो हुतो, पाटणच्या वरच्या अंगाला.
यादीत घड्याळ हुतं. पेटीत न्हवतं.
म्हातारीनं पेटी उघडलीच न्हाई.
यादी वाचून घेतली माझ्याकडनं, दोनदा.
कांबळं एक. वस्तरा एक.
घड्याळ एक.
दोन्ही टायमाला वाचलं मी.

समृद्धीने वहीत लिहिलं, कारकून: १.
थोड्या वेळाने खोडून २ केलं.

त्या रात्री मी साधा भात लावला.
देश सकाळपर्यंत मेणकापडावर तसाच पडून होता.
पंख्याच्या वाऱ्याने ऐरोलीचे दोघे
तुर्भ्यापर्यंत घरंगळले होते.
पहाटे साडेतीनला मार्केटला निघताना
दिवा न लावता, चाचपडत,
मामंजींनी त्यांना परत जागेवर नेऊन ठेवलं.
पुलावरचा हलला नव्हता.